तंबूच्या दांडीसाठी नळीचा शोध

वाऱ्याने आमच्या तंबूची अॅल्युमिनियमची दांडी चिरली, तेव्हा सोलापुरातील हार्डवेअरच्या दुकानांत चिरेवर चढवायला तशी नळी सहज मिळेल असे वाटले होते. परंतु तेथील नळी एक तर जाड होती किंवा हाताने वाकेल इतकी मऊ, कारण तंबूच्या चांगल्या दांड्या जस्त मिसळलेल्या कणखर मिश्रधातूच्या असतात. व्हर्नियर मापकाने मोजता दांडीचा बाहेरील व्यास ८.५ मि.मी. भरला. अखेर अक्कलकोट रस्त्यावरील एका भंगारवाल्याकडे जुन्या टीव्ही अँटेनाची, ८.७ मि.मी. आतील व्यासाची नळी सापडली. तिचा १२ सेंटिमीटरचा तुकडा कापून, कडा कानशीने गुळगुळीत करून (हे टाळू नये, धारेने कापड फाटते) मी तो चिरेवर सरकवला आणि दोन्ही टोकांना चिकटपट्टी घट्ट गुंडाळली. दांडी कापडी बाहीतून जाताना तेथे किंचित अडते, पण ताण व्यवस्थित पेलते.