आधी छप्पर, मग टाके : वादळग्रस्त बेटांसाठी निधी कसा उभारावा

१ जुलै २०२४ रोजी बेरिल चक्रीवादळ ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांनिशी कॅरिबियन समुद्रातील कॅरियाकू बेटावर आदळले. ग्रेनेडा देशाचा भाग असलेले हे बेट जेमतेम ३४ चौरस किलोमीटरचे आहे. तेथील आणि शेजारच्या युनियन बेटावरील बहुतेक घरांची छपरे त्या एका दिवसात उडाली. अशी बातमी आली की अमेरिका, कॅनडा व ब्रिटनमधील मराठी मंडळांतही मदतीची इच्छा जागी होते. त्या इच्छेला नीट वाट मिळावी, म्हणून काय करावे आणि कोणत्या क्रमाने करावे, हे येथे मांडत आहे.

आवाहन लिहिण्यापूर्वी पैसा नेमका कशासाठी गोळा करायचा, ते ठरवावे. कॅरियाकूवर बारमाही नदी नाही. पाऊस घराच्या छपरावर पडतो, पन्हळीतून टाक्यात उतरतो आणि कोरड्या महिन्यांत कुटुंब त्याच पाण्यावर दिवस काढते. म्हणजे छपराचे पत्रे उडाले की डोक्यावरचा आसरा जातोच, शिवाय पिण्याच्या पाण्याची वाटही तुटते. ८० चौरस मीटरच्या छपरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर थोडी गळती सोडून जवळपास २,००० लिटर पाणी टाक्यात जमा होऊ शकते. ‘वादळग्रस्तांना मदत करा’ असे म्हणण्याऐवजी हा हिशेब देणगीदारासमोर ठेवावा, आणि एका घराचे छप्पर, पन्हळ व टाक्याची सफाई मिळून किती खर्च येईल, याचा स्थानिक दर मागवून तोच आकडा आवाहनात छापावा. माझ्या मते उद्ध्वस्त घरांच्या दहा छायाचित्रांपेक्षा असा एक हिशेब अधिक विश्वास निर्माण करतो.

कपडे, भांडी व खाद्यपदार्थ मात्र गोळा करू नयेत. लहान बेटाच्या धक्क्यावर जागा मोजकी असते, आणि कोणी न मागितलेली गाठोडी तेथे येऊन पडली की औषधे व बांधकामाचे साहित्य उतरवायला अडथळा होतो. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या लोकांना सर्वांत आधी काय हवे होते, ते आठवावे : पत्रे, कौले आणि ती चढवणारी माणसे. रोख रक्कम बेटावरच खर्च झाली, तर तेथील दुकानदार आणि सुतार यांचाही संसार पुन्हा उभा राहतो.

यानंतरचे काम कंटाळवाणे असले, तरी सर्वांत महत्त्वाचे आहे, ते म्हणजे पैसा कोणाच्या हाती द्यायचा हे ठरवणे. पहिली देणगी स्वीकारण्यापूर्वीच प्राप्तकर्ती संस्था निश्चित करावी, तिची नोंदणी पाहावी, बँक खाते व्यक्तीच्या नव्हे तर संस्थेच्या नावे असल्याची खात्री करावी आणि खर्चावर कोणाच्या सह्या होतात ते लेखी मागावे. ग्रेनेडा रेड क्रॉस किंवा तेथील राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्था यांच्याकडे गरजांची चौकशी करता येते. आपल्या शहरातील कॅरिबियन मंडळींनाही अवश्य भेटावे, कारण बहुतेक वेळा त्यांच्या चर्चमधून काम आधीच सुरू झालेले असते. आपल्या भिशीसारखीच ‘सू-सू’ त्यांच्यात चालते, त्यामुळे विश्वासावर पैसा फिरवणे म्हणजे काय, हे त्यांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. वेगळी चूल मांडण्यापेक्षा त्यांच्या कामाला हातभार लावणे बरे.

अमेरिकेत करसवलत हवी असेल, तर देणगी तेथे नोंदलेल्या धर्मादाय संस्थेमार्फत द्यावी लागते. ग्रेनेडातील संस्थेला थेट दिलेल्या रकमेवर ती मिळत नाही. भारतातील नातेवाइकांना परदेशी संस्थेला मदत करायची असेल, तर प्रत्येकाने आपल्या बँकेला नियम विचारून रक्कम स्वतः पाठवावी, आणि त्यावर भारतात देणगीची आयकर सवलत मिळणार नाही हे त्यांना आधीच सांगावे. ग्रेनेडाचे चलन पूर्व कॅरिबियन डॉलर आहे व एका अमेरिकी डॉलरला त्याचा दर २.७० असा स्थिर आहे, त्यामुळे दोन्ही चलनांत हिशेब ठेवणे सोपे जाते.

प्रत्यक्ष संकलनासाठी गणेशोत्सव ही उत्तम संधी आहे. अटलांटिकमधील वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो आणि गणपती त्याच्या मध्यावर येतात. सभागृहाच्या दाराशी स्वतंत्र टेबल, स्वतंत्र पावतीपुस्तक आणि स्वतंत्र पेटी ठेवावी. मंडळाच्या वर्गणीत हा पैसा एक दिवसही मिसळू देऊ नये. रात्री दोघांनी मिळून रक्कम मोजावी, दोघांनी सही करावी आणि दुसऱ्या दिवशी ती बँकेत भरावी. एकरकमी मोठ्या देणगीइतकाच आग्रह बारा महिने दर महिन्याला थोडी रक्कम देण्यासाठी धरावा, कारण लोकांचे लक्ष काही आठवड्यांत दुसरीकडे वळते आणि घर बांधायला मात्र वर्ष लागते.

रक्कम हप्त्यांनी द्यावी आणि प्रत्येक हप्ता कामाच्या टप्प्याला जोडावा. पहिला हप्ता साहित्यासाठी असावा. वासे भिंतीला धातूच्या पट्ट्यांनी जखडले आहेत आणि पत्रे खिळ्यांऐवजी स्क्रूने बसवले आहेत, हे छायाचित्रांवरून आणि स्थानिक अभियंत्याच्या शेऱ्यावरून दिसल्यावरच दुसरा हप्ता पाठवावा. नाही तर पुढच्या वादळात तेच छप्पर पुन्हा उडेल. कुटुंबाचे छायाचित्र त्यांच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करू नये. छपरांनंतर निधी उरला, तर तो होड्यांकडे वळवावा : कॅरियाकू व शेजारचे पेटीट मार्टिनिक बेट येथील लाकडी होड्या बांधण्याची कला २०२३ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत नोंदली गेली आहे, आणि होडी हेच तेथील अनेक घरांच्या मिळकतीचे साधन आहे. तोवरचा हिशेब, शिल्लक रकमेसह, पुढील वर्षीच्या १ जूनपूर्वी प्रत्येक देणगीदाराच्या हाती पडायला हवा.