पेटीतला जुना फोटो कोणत्या काळातला?

मखमली अस्तराच्या छोट्या पेटीतले जुने अमेरिकी किंवा युरोपीय फोटो वरवर सगळे सारखेच दिसतात. फोटो पेटीतून बाहेर न काढता असं ओळखा:

१. खिडकीपाशी धरून हळूहळू तिरका करा. आरशासारखा आपलाच चेहरा दिसला आणि फोटोतला काळा कोट मध्येच पांढुरका झाला, तर तो डॅगेरोटाइप, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरचा फोटो. १८३९ नंतरचा, बहुधा १८४० किंवा १८५०च्या दशकातला.

२. नाहीतर काचेवर लहानसं चुंबक अलगद टेकवा. ओढ जाणवली तर लोखंडी पत्र्यावरचा टिनटाइप. १८५६च्या आधीचा सहसा नसतोच.

३. दोन्ही नाही? मग बहुधा काचेवरचा अँब्रोटाइप, साधारण १८५४ ते १८६५.

डॅगेरोटाइपचा पृष्ठभाग मात्र कधीच पुसू नका. मऊ कापडानेही चेहरा कायमचा पुसला जातो.