बेटाडीन की क्लोरहेक्सिडीन? ओटीत नव्याने येणाऱ्यांसाठी

ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, माझा तिसरा की चौथा दिवस. हर्नियाची केस होती. सर्जननी पोट बेटाडीनने पेंट केलं, ते दोन्ही कुशींवरून ओघळलं आणि मला ते अस्वच्छ वाटलं. मी कोरडा गॉज घेतला आणि पोटावरूनच पुसायला लागले. इन्चार्ज सिस्टर मागून ओरडल्या, "अगं, पुसतेस काय! वाळू दे ते!" सगळं पुन्हा पेंट करावं लागलं.

त्या दिवशी कळलं नाही, ते नंतर वाचून कळलं. बेटाडीन म्हणजे पोव्हिडोन-आयोडीन. त्यातलं आयोडीन एका वाहक रसायनाला बांधलेलं असतं आणि हळूहळू सुटतं. जे सुटतं तेच जंतू मारतं. १० टक्क्यांच्या द्रावणात कामाला येणारं आयोडीन जेमतेम १ टक्का असतं. म्हणून त्याला त्वचेवर निदान दोन-तीन मिनिटं द्यावी लागतात. पुसलं की औषधच निघून गेलं. पेशंटच्या अंगाखाली साचलेलं मात्र टिपून घ्यायचंच, नाहीतर ओल्या चादरीवर त्वचा भाजल्यासारखी होते. हा फरक कुणी तुम्हाला सांगेलच असं नाही, म्हणून आधी सांगितला.

पुढे मी इन्फेक्शन कंट्रोलच्या कामात आले आणि पहिल्याच वर्षी मीटिंगमध्ये प्रश्न आला: बेटाडीन बंद करून क्लोरहेक्सिडीन, म्हणजे त्वचेवरचे जंतू मारणारं दुसरं औषध, आणायचं का? सगळे एकाच अभ्यासाचा दाखला देत होते. तो २०१० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला होता. ८४९ पेशंट होते. क्लोरहेक्सिडीनच्या गटात जखमेचा जंतुसंसर्ग ९.५ टक्के, आयोडीनच्या गटात १६.१ टक्के. आकडे ऐकून मीही मान डोलावली. घरी जाऊन पूर्ण पेपर वाचला तेव्हा लक्षात आलं की क्लोरहेक्सिडीन ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये होतं आणि आयोडीन पाण्यात. अल्कोहोल स्वतःच काही सेकंदांत जंतू मारतं. म्हणजे एका बाजूला दोन औषधं आणि दुसऱ्या बाजूला एक. मग जिंकलं कोण, क्लोरहेक्सिडीन की अल्कोहोल?

नवीन मुलामुलींना मी पहिली सवय हीच लावते. 'बेटाडीन' आणि 'क्लोरहेक्सिडीन' या नावांची तुलना करू नका, बाटलीत जे आहे त्या अख्ख्या द्रावणाची करा. किती टक्के, कशात मिसळलेलं, कुठल्या जागी, किती वेळ.

दोन्हीकडे अल्कोहोल असलेले अभ्यासही आहेत, आणि त्यांचंही उत्तर एकसारखं नाही. २०१६ मध्ये सिझेरियनच्या ११४७ बायकांवरच्या अभ्यासात क्लोरहेक्सिडीन पुढे राहिलं: ४ टक्के विरुद्ध ७.३ टक्के. २०२४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या हृदयाच्या आणि पोटाच्या ३३६० शस्त्रक्रियांत दोन्ही बरोबरीत आले, आयोडीन ५.१ टक्के आणि क्लोरहेक्सिडीन ५.५ टक्के. आपल्याला सर्वांत जवळचा वाटावा असा अभ्यास २०२१ चा. भारतासह सात देश, ५४ रुग्णालयं, पोटाच्या शस्त्रक्रिया झालेले ५७८८ पेशंट. तिथे अल्कोहोलमधलं क्लोरहेक्सिडीन आणि पाण्यातलं साधं पोव्हिडोन-आयोडीन यांत फरक सापडला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये शस्त्रक्रियेसाठी अल्कोहोलमधल्या क्लोरहेक्सिडीनची शिफारस केली आहे, आणि ते मिळत असेल तर वापरावंच. पण तालुक्याच्या रुग्णालयात कपाटात फक्त बेटाडीन आहे म्हणून खचून जाऊ नका. ते नीट लावा, वेळ द्या.

सेंट्रल लाइनची, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीची (कॅथेटरची), गोष्ट मात्र वेगळी, आणि इथे माझं मत ठाम आहे. फ्रान्समधल्या ११ आयसीयूंत झालेल्या २०१५ च्या अभ्यासात दोन्ही द्रावणं अल्कोहोलमधलीच होती, तरी कॅथेटरमुळे होणारा जंतुसंसर्ग दर हजार कॅथेटर-दिवसांमागे (एक नळी एक दिवस म्हणजे एक कॅथेटर-दिवस) ०.२८ आणि १.७७ असा निघाला, क्लोरहेक्सिडीनच्या बाजूने. कारण समजून घेतलं की विसरायला होत नाही. चिरेची जखम एक-दोन तासांत शिवून बंद होते. लाइन आठवडाभर त्वचेतून आरपार उभी असते, आणि आजूबाजूचे जंतू पुन्हा वाढत राहतात. अल्कोहोल उडून जातं, पण क्लोरहेक्सिडीन त्वचेच्या वरच्या थराला चिकटून पुढे बराच वेळ काम करत राहतं.

पण काही जागी हीच औषधं घातक. कानाचा पडदा फाटलेला असेल तर क्लोरहेक्सिडीन मधल्या कानात जाता कामा नये, ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं. डोळ्यात गेलं तर बुबुळाला इजा होते. स्पायनल, म्हणजे पाठीच्या कण्यातून भूल, देताना ते पूर्ण वाळल्याशिवाय सुई लावू द्यायची नाही, आणि द्रावणाची वाटी सुया-सिरिंजच्या ट्रेपासून लांब ठेवायची. वेळेआधी जन्मलेल्या बाळांची त्वचा अल्कोहोलने भाजते. आयोडीन त्यांच्या त्वचेतून शोषलं जाऊन थायरॉइडवर परिणाम करतं. तिथे स्वतःच्या मनाने काहीही लावू नका, सिस्टरांना विचारा.

अल्कोहोल असलेलं काहीही लावलं की कॉटरी (विजेच्या उष्णतेने कापणारं आणि रक्त थांबवणारं उपकरण) सुरू होण्याआधी ते सुकलंय का, हे बघणं तुमचं काम. निदान तीन मिनिटं. केस असलेल्या जागी जास्त. बेंबीत, काखेत, ड्रेपच्या, म्हणजे पेशंटवर घातलेल्या निर्जंतुक कापडाच्या, घडीत साचलेलं बघा. आग खरंच लागते. सर्जन घाईत असले तरी "सर, अजून ओलं आहे" एवढं म्हणायला घाबरू नका. पहिल्यांदा म्हणताना माझाही आवाज कापला होता. सर थांबले.

वॉर्डात गेलात तर स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्यांचा डबा दिसेल. सकाळी भरलेला, दिवसभर सगळ्यांची बोटं त्यात. ती पद्धत मोडा. उडून उडून अल्कोहोल कमी होतं आणि डबा दूषित होतो. अँटिसेप्टिकच्या बाटलीत जंतू वाढत नाहीत हा समज चुकीचा आहे, पोव्हिडोन-आयोडीनमध्येसुद्धा जंतू जिवंत सापडलेले आहेत. म्हणून अर्धी बाटली नव्याने भरायची नाही, आणि उघडलेल्या बाटलीवर तारीख लिहायची.

आमच्या वॉर्डातल्या मावशींना मी हे समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मग सिस्टर, डबा भरायचा कशाला?" दुसऱ्या दिवशी त्यांनी तो घासून पालथा घातला होता. आता त्यात प्लास्टरच्या चिकटपट्ट्या असतात.