परसात भेकर येतंय? मग या चुका टाळा

मुळशी, पानशेत, ताम्हिणीच्या बाजूला ज्यांचं शेतघर आहे, त्यांना डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे परसात भेकर, म्हणजे कुत्र्यासारखं भुंकणारं छोटं हरीण, दिसू शकतं. पाऊस जाऊन दोन-तीन महिने झालेले असतात, उतारावरचं गवत वाळलेलं असतं. परसातला कोवळा पाला, पाणी आणि झाडाखाली पडलेली फळं त्याला खाली खेचतात. एकदा दिसलं की ते रोज यावं, जवळ यावं असं वाटू लागतं, आणि बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे खायला ठेवणं. पोळीचे तुकडे, ब्रेड, शिळा भात यातलं काहीही नको. भेकर रवंथ करणारं जनावर आहे. त्याच्या पोटातले जिवाणू पाला, कोंब, फळं पचवायला सरावलेले असतात. एकदम पिठूळ काही पोटात गेलं की आम्ल वाढतं आणि जनावर दगावू शकतं. गाईने धान्याच्या पोत्यात तोंड घातलं तर काय होतं, हे गावातल्या कुणालाही विचारा. शिवाय उरलेल्या अन्नावर गावातली मोकाट कुत्री येतात, आणि पुण्याच्या आसपास भेकर-चिंकारांना कुत्र्यांचा धोका फार मोठा आहे. घरचा कुत्रा असेल तर निदान संध्याकाळपासून उन्हं वर येईपर्यंत त्याला बांधून ठेवाच.

त्यापेक्षा आवळ्याखालचे पडलेले आवळे झाडून टाकू नका. भेकर आवळा अख्खा गिळतं आणि नंतर निवांत रवंथ करताना कठीण बी तोंडातून बाहेर टाकतं. असं रानात ठिकठिकाणी बी पडतं. तुमच्या झाडाची रोपं पलीकडच्या टेकडीवर उगवतात ती अशी. उंबर असेल तर फारच उत्तम.

“आधी यायचं, आता येत नाही” ही तक्रार नेहमीची. आधी दिवे बघा. हालचाल झाली की पेटणारा पांढरा फोकस भेकराला पिटाळून लावतो. तो बंद करा, किंवा अगदी मंद पिवळा दिवा जमिनीकडे वळवून लावा. फोटोसाठी फ्लॅश नकोच.

मग वारा बघा. इथे बरेच जण फसतात, कारण आपण गप्प बसलो म्हणजे झालं असं वाटतं. भेकर नाकावर जगतं. डोंगराळ भागात सूर्य मावळला की थंड हवा उतारावरून खाली वाहते, आणि सकाळी ऊन तापलं की वर चढू लागते. भेकर डोंगरावरून येत असेल तर पहाटे तुमचा वास त्याच्यापासून दूर, खाली जातो. नऊनंतर तोच वास त्याच्या वाटेवर जातो. म्हणून उजाडायच्या आधी खिडकीमागे बसा, चहा-विडी बाजूला ठेवा. बघून झालं तरी ते स्वतःहून निघून जाईपर्यंत दार उघडू नका.

कुंपणाचं काम थोडक्यात सांगतो. भाजीच्या वाफ्यांभोवतीची नायलॉनची जाळी सैल असेल तर काढा, तिच्यात पाय आणि शिंगं अडकतात. काटेरी तार असेल तर सगळ्यात खालची तार साधी लावा आणि जमिनीपासून दीड फूट वर घ्या. भेकर वाकून सहज जातं.

रात्री घोगरं, तुटक भुंकणं थोड्या-थोड्या वेळाने ऐकू आलं तर ते कुत्रं आहे असं धरून चालू नका. भेकर धोक्याची चाहूल लागली की असंच ओरडतं, कधीकधी बराच वेळ. बिबट्या जवळपास असू शकतो. बॅटरी घेऊन बघायला बाहेर पडू नका, मुलांना घरात घ्या.

आणि पाडस एकटं दिसलं तर उचलू नका. आई त्याला झुडपात दडवून चरायला जाते. अंगावर ठिपके असलेलं, निपचित बसलेलं पाडस बहुधा अगदी ठीक असतं. लांब जा, कुत्री बांधा, माणसांची ये-जा थांबवा. तुम्ही तिथे उभे असाल तर आई येणार नाही. जखम दिसत असेल, कुत्र्यांनी धरलं असेल किंवा आई मेलेली सापडली असेल, तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. मोठं भेकर जखमी असेल तर त्याच्यामागे धावून पकडायचा प्रयत्न करू नका. पळापळीच्या ताणाने स्नायू निकामी होऊन ही जनावरं नंतर मरतात. वनविभागाची माणसं येईपर्यंत लांबून फक्त नजर ठेवा.