मच्छीमारी बोटीला डिझेल इनबोर्ड की आउटबोर्ड? आधी पंखा ठरवा, मग इंजिन

इंजिन घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो "किती एचपी?" आणि विकणारा पण तेच सांगायला बसलेला असतो. पण बोट एचपीवर चालत नाही हो, पंख्याने (प्रोपेलरने) मागे ढकललेल्या पाण्यावर चालते. दोन इंजिनं, दोन्ही १५० एचपीची. डिझेल इनबोर्ड, म्हणजे बोटीच्या पोटात बसवलेलं, २४०० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) फिरतंय, मध्ये अडीचास एक गिअरबॉक्स, म्हणजे पंखा फिरतो साधारण ९६० ने, आणि तो पंखा २४-२६ इंची लावता येतो. आउटबोर्ड, म्हणजे मागच्या फळीवर बाहेर लटकणारं, ५५०० ने बोंबलतंय, गिअर दोनास एक, म्हणजे पंखा २७५० ने, आणि व्यास जेमतेम १४-१५ इंच, कारण खालच्या गिअरकेसला (पंखा ज्यावर बसतो तो गिअरचा डबा) त्याहून मोठा मावतच नाही. मोठ्या वल्ह्याने सावकाश ओढणं आणि पळीने भराभर पाणी मारणं, एवढा फरक आहे. हलकी बोट २० नॉटने (ताशी सागरी मैल) पळवायची तर तो छोटा पंखा झकास काम करतो. पण ४ नॉटने जाळं ओढायचं किंवा बर्फ-मासळीने भरलेली बोट रेटायची तर तो नुसता फेस काढतो आणि टाकी रिकामी करतो.

हा लेख साधारण २८ ते ४० फुटी बोटीसाठी आहे. त्याहून लहान होडीला आउटबोर्ड लावा आणि मोकळे व्हा, आणि मोठ्या बोटीला इनबोर्डशिवाय फारसा पर्याय नाही, खरी डोकेदुखी मधल्यांचीच.

पहिलं काम : एक महिना वही लिहा

कंटाळा येतो माहितीये, पण हे केल्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे. रोज चारच गोष्टी लिहायच्या: ठिकाणावर जायला किती तास, तिथे हळू चालत जाळं टाकण्या-काढण्यात किती तास, नुसतं न्यूट्रलवर किती, आणि भरून परत यायला किती. महिन्याच्या शेवटी बेरीज करा आणि वर्षाचा हिशोब मांडा. बहुतेकांना स्वतःचे तास माहीतच नसतात, "असतील चार-पाचशे" म्हणणाऱ्याचे वहीत बाराशे निघतात!

हे तास का महत्त्वाचे ते सांगतो. नीट सांभाळलेलं, रोजच्या जड कामासाठी ठरवलेल्या ताकदीचं (रेटिंगचं) डिझेल ८-१० हजार तास चालून मग खोलायला येतं. धंद्यात वापरलेल्या पेट्रोल आउटबोर्डचे १५०० ते ३००० तास झाले की मालक नवीन कधी घ्यायचं याचा विचार करायला लागतो. वर्षाला ३०० तास असतील तर आउटबोर्ड बरीच वर्षं जाईल, पण १२०० असतील तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच पुन्हा खिशात हात.

बोटीचा तळ काय म्हणतो ते बघा

तळ गोल आणि पाण्यात खोल बसणारा असेल तर त्या बोटीला निसर्गानेच एक वेग ठरवून दिलाय. पाण्याला टेकलेली लांबी फुटात घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा, उत्तर नॉटमध्ये. ३० फुटाला येतात सव्वासात नॉट. यापुढे कितीही एचपी घाला, बोट स्वतःच्याच लाटेवर चढत बसते, ढुंगण खाली, नाक वर, आणि इंधनाचा धूर. ८ टनाची अशी बोट त्या वेगाला न्यायला ३०-४० एचपी पुरतात, वाऱ्यापावसासाठी आणि प्रवाहासाठी वर थोडे ठेवा. अशा तळाला मागे दोन मोठे आउटबोर्ड लटकवणं म्हणजे बैलाला घोड्याची नाल.

तळ व्ही आकाराचा, मागे सपाट होत गेलेला असेल तर बोट पाण्यावर उचलली जाते. तीच ८ टन १८ नॉटने न्यायची तर २५० च्या आसपास एचपी लागतात. बघा, वेग अडीचपट आणि ताकद सातपट. म्हणजे वेगाची खरंच गरज आहे का हे आधी स्वतःला विचारा. मासळी लांब असेल, माल ताजा पोचवल्यावरच भाव मिळत असेल, तर आहे. शेजारच्याची बोट पुढे जाते म्हणून असेल तर नाही.

किमतीचा फरक लिटरमध्ये मोडा

हा माझा आवडता हिशोब, कारण यात विकणाऱ्याच्या गोड बोलण्याला जागाच नाही. ढोबळमानाने, जोरात चालताना फोर-स्ट्रोक पेट्रोल आउटबोर्ड दर एचपीमागे तासाला ०.३ लिटर पितं आणि डिझेल ०.२ लिटर. (जुनं कार्ब्युरेटरवालं टू-स्ट्रोक विचारूच नका, त्यात इंधनाचा बराच भाग न जळताच एक्झॉस्टमधून पाण्यात जातो.) सरासरी १०० एचपी वापरत असाल तर तासाला ३० विरुद्ध २०, फरक १० लिटरचा. ३०० तासांना ३,००० लिटर, १,२०० तासांना १२,००० लिटर, दर वर्षी. आता इनबोर्डचा सगळा खर्च, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, शाफ्ट (पंख्याचा दांडा), पंखा, एक्झॉस्ट, बसवायची मजुरी, यातून आउटबोर्डचा खर्च वजा करा आणि उरलेल्या रकमेला इंधनाच्या भावाने भागा. जेवढे लिटर येतील ते किती वर्षांत वाचतात ते दिसेल. पेट्रोल-डिझेलचे भाव वेगळे असतील तर दोन्ही बाजू पैशात मांडा, पण हिशोब वहीतल्या तासांवरच करा. चार वर्षांच्या आत फिटत असेल तर मी तरी डिझेलच घेईन, आठ वर्षं लागत असतील तर आउटबोर्ड घेऊन उरलेले पैसे जाळ्यात घालेन.

काम कसलं आहे?

ट्रॉल (बोटीमागे ओढायचं पिशवीसारखं जाळं) ओढायचा असेल तर इथेच लेख वाचणं थांबवा, इनबोर्ड. मोठा पंखा, जमलं तर भोवती नॉझल (नळीसारखं कडं), आणि इंजिनाच्या पुढच्या टोकावरून पट्टा काढून विंचचा (जाळं ओढणाऱ्या यंत्राचा) हायड्रॉलिक पंप फिरवता येतो, आउटबोर्डवर ती सोय नाही, त्याला वेगळं छोटं इंजिन बसवावं लागतं.

जाळं मागच्या बाजूने टाकायचं-काढायचं असेल तर आउटबोर्ड अगदी वाटेत उभा राहतो. बाजूने काढत असाल तर चालतं. उथळ पाण्यात, वाळूवर बोट लावायची असेल तर मात्र आउटबोर्डला तोड नाही, बटण दाबलं की पाय, म्हणजे पाण्यातला पंख्याचा भाग, वर.

आणि जाळं पंख्यात जाणं, ते तर सगळ्यांच्या नशिबात आहेच. एकदा मी दोस्ताच्या इनबोर्ड बोटीवर होतो, अंधार पडत आलेला, आपलंच जाळं प्रवाहाने बोटीखाली आलं आणि इंजिन धप्पकन बंद. मग काय, एक जण कमरेला दोरी बांधून खाली, तोंडात सुरी, वर आम्ही टॉर्च धरून, लाटेबरोबर बोटीचा तळ त्याच्या डोक्यावर आपटतोय. पाऊण तास लागला आणि नायलॉन शाफ्टवर इतकं वितळून बसलेलं की शेवटी आरीच्या पात्याने तासून काढलं. आउटबोर्ड असता तर किल्ली खिशात टाकून, पाय वर उचलून, डेकवर पालथं पडून दहा मिनिटांत काम झालं असतं. हा मुद्दा कॅटलॉगमध्ये कुठेच नसतो.

पण आउटबोर्डची पण एक मेख आहे. गळाची बारीक तंगूस पंख्याच्या मागे शाफ्टवर गुंडाळली जाते, दिसत नाही, आणि फिरता फिरता ऑइल सील कापते. म्हणून गिअरकेसचा खालचा स्क्रू अधूनमधून थोडा सैल करून दोन थेंब बोटावर घ्यायचे. तेलाच्या रंगाचं तेल असेल तर ठीक, दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर पाणी आत गेलंय, त्याच आठवड्यात सील बदला, नाही तर गिअर गेलेच समजा.

पेट्रोल आणि झोपलेली माणसं

यावर मी जरा हट्टी आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती उडून जात नाही, तळातल्या पाण्याच्या खोलगट जागेत साचून बसते, आणि उणे ४० अंशालाही पेट घेण्याइतकी वाफ पेट्रोल सोडतं. डिझेलला त्यासाठी ५० च्या वर तापावं लागतं. रोज संध्याकाळी घरी येणारी उघडी बोट असेल तर पेट्रोल सांभाळता येतं. पण ज्या बोटीवर माणसं रात्री झोपतात, स्टोव्ह पेटतो, बिड्या ओढल्या जातात, तिथे तळाशी ४००-५०० लिटर पेट्रोल मी ठेवणार नाही, हिशोब काहीही म्हणो.

डिझेलवर चालणारे आउटबोर्डही आता मिळतात, स्वीडनचा ऑक्से, ब्रिटनच्या कॉक्सचा ३०० एचपी व्ही-८ वगैरे. कल्पना चांगली, पण कॉक्सचंच वजन ३९३ किलो, आणि पंख्याचा व्यास शेवटी गिअरकेसच ठरवतं. घ्यायच्या आधी दुरुस्ती करणारा माणूस जवळपास आहे का ते बघा.

इंजिन कशावर बसणार?

आउटबोर्ड मागच्या फळीवर, म्हणजे ट्रान्समवर लटकतो. १५० एचपीचा फोर-स्ट्रोक २०० किलोच्या वर भरतो, दोन लावले तर चारशे-साडेचारशे, तेही बोटीच्या एकदम शेपटाला. फायबर बोटीत ट्रान्समच्या पोटात बहुतेक प्लायवूड असतं आणि स्क्रूच्या भोकातून पाणी शिरून ते आतल्या आत कुजतं. लाकडी हातोडीने सगळीकडे ठोकून बघा, टणटण आवाज आला तर बरं, मऊ भद्द आला की तिथे कुजलंय. शाफ्टची लांबी पण मोजून घ्या, १५, २०, २५, ३० इंच अशा मिळतात. पंख्याच्या वरची आडवी पट्टी तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली यायला हवी. आखूड घेतला तर लाटेत हवा खातो, लांब घेतला तर पाण्यात नुसता ओढला जातो.

इनबोर्डचं वजन खाली आणि मध्यावर, त्यामुळे बोट लाटेत शांत बसते, पण मासळी ठेवायची जागा जाते, हे कबूल केलं पाहिजे. बसवताना शाफ्ट आणि गिअरबॉक्सची जोडणी एका रेषेत हवी, १०० मिलिमीटर व्यासाच्या फ्लँजला (जोडणीच्या चकतीला) ०.१ मिलिमीटरच्या वर फट नको. आणि ही तपासणी बोट पाण्यात एक-दोन दिवस तरंगल्यावर पुन्हा करा, कारण जमिनीवर टेकलेली बोट आणि तरंगणारी बोट यांचा आकार थोडा वेगळा असतो. मिस्त्री म्हणेल गरज नाही. करून घ्या.

कागदावरचं रेटिंग

एकाच डिझेल इंजिनाचे चार-चार आकडे असतात. तोच ब्लॉक फिरायच्या बोटीसाठी ३०० एचपी, रोज जड कामासाठी २०० च्या आसपास. विकणारा मोठा आकडा दाखवतो. तुम्ही विचारायचं, "हा आकडा किती तासांतले किती तास फुल लोडसाठी आहे?" फिरायच्या बोटीचं रेटिंग धंद्याच्या बोटीत घातलं तर इंजिन लवकर म्हातारं होतं आणि वॉरंटीवाले हात वर करतात. उलट अति मोठं डिझेल घेऊन दिवसभर न्यूट्रलवर गुरगुरत ठेवणंही वाईट, सिलिंडर आतून गुळगुळीत होतात आणि ऑइल खायला लागतं.

दोन इंजिनं घेतली की निर्धास्त, असं समजणारे एक विसरतात: दोघांना टाकी एकच असेल आणि तिच्यात पाणी गेलं, तर दोन्ही एकाच मिनिटात बंद पडतात. टाक्या आणि फिल्टर वेगळे हवेत.

जुनं घेताय?

डिझेल असेल तर न सांगता लवकर जा आणि आधी ब्लॉकला हात लावा. कोमट लागला तर मालकाने तुमच्यासाठी आधीच तापवून ठेवलंय, कारण थंड असताना ते सुरू होत नसणार. थंड सुरू करून धूर बघा, निळा राहिला तर ऑइल जळतंय, काळा म्हणजे हवा कमी किंवा लोड जास्त, पांढरा पाच-दहा मिनिटांनी गेला तर चालेल. आउटबोर्ड असेल तर गिअर ऑइलचे ते दोन थेंब, आणि रोज गोड्या पाण्याने धुतलाय का ते कव्हर काढून बघा, बोल्टांवर पांढरी खरड दिसली की समजा धुतलेला नाही.

शेवटची ट्रायल

पैसे पूर्ण द्यायच्या आधी बोट खरी भरून न्या, नुसती रिकामी पळवून बघू नका. बर्फ नसेल तर पाण्याचे पिंप भरा, जाळं घ्या, माणसं घ्या. मग पूर्ण थ्रॉटल. आउटबोर्ड बहुतेक ५००० ते ६००० च्या मध्ये यायला हवा, कंपनीने दिलेली रेंज पुस्तकात असतेच. डिझेलने त्याच्या प्लेटवरचा आरपीएम गाठलाच पाहिजे. गाठत नसेल आणि मागे काळा धूर असेल तर पंखा जड आहे. आउटबोर्डला एक इंच पिच (पंखा एका फेऱ्यात जेवढा पुढे सरकायला हवा ते अंतर) कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात, त्या हिशोबाने पंखा बदलून पुन्हा ट्रायल घ्या. पंखा बदलायला कोण आणि कोणाच्या पैशाने, हे बिलावर आधीच लिहून घ्या, कारण ट्रायलनंतर त्यावरच भांडणं होतात.