दुकानासाठी गाळा भाड्याने घेताय? सही करण्याआधी हे बघा

"अकरा महिन्यांचा करू, म्हणजे रजिस्ट्रेशनची कटकट नको." सौदा जमत आला की मालक नाहीतर एजंट हे वाक्य हमखास टाकतो. महाराष्ट्रात ते चुकीचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की पाच वर्षांचा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर 3 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद कोर्टात गेला की अटींबद्दल भाडेकरू सांगेल तेच खरं धरतात, उलटं सिद्ध होईपर्यंत. नोटरीवर भागवणारा मालक स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो.

1. आधी कागद, मग गाळा

इंडेक्स टू (मालकाच्या खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा), मालमत्ता कराची ताजी पावती आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला महापालिकेची परवानगी) मागा. मंजूर नकाशात ती जागा दुकान म्हणूनच दाखवली आहे ना, हे नीट पाहा. पार्किंगला शटर लावून केलेले 'गाळे' गल्लोगल्ली दिसतात, आणि महापालिकेची नोटीस आली की धंदा तुमचा बसतो. वीजबिलही पाहा: मीटर व्यावसायिक आहे का, आधीच्या दुकानदाराची थकबाकी आहे का?

2. लिव्ह अँड लायसन्स की भाडेपट्टा?

लायसन्स म्हणजे जागा वापरायची नुसती परवानगी. भाडेपट्ट्यात जागेवर तुमचा हक्क तयार होतो आणि भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण मिळतं. म्हणून तर बहुतेक मालक लायसन्सवर अडून बसतात. (बँका आणि 1 कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवलाच्या कंपन्या भाडेकरू असल्या तर त्यांना हे संरक्षण नाही.)

मालकांनीही एक लक्षात घ्यावं. राहत्या घराचं लायसन्स संपलं की सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मिळवता येतो. दुकानाला ती वाट नाही. कोर्टातच जावं लागतं.

3. मुद्रांक शुल्काचा हिशेब

60 महिन्यांपर्यंतच्या लायसन्सवर 0.25 टक्के. समजा भाडं 25,000, मुदत 36 महिने, परत मिळणारं डिपॉझिट 2 लाख. भाडं झालं 9,00,000. डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरतात, तीन वर्षांचे 60,000. एकूण 9,60,000 वर शुल्क 2,400 रुपये, आणि शहरात नोंदणी फी 1,000. एवढ्यासाठी कुणी लपवाछपवी का करावी, मला कळत नाही.

भाड्यावर 18 टक्के जीएसटी लागत असेल, तर तो भाड्यात धरलाय की वेगळा, हे आकड्यापुढेच लिहून घ्या.

4. लॉक-इन: खरी घासाघीस इथे करा

भाड्यात हजार रुपये कमी करायला लोक तासभर भांडतात आणि लॉक-इनच्या, म्हणजे ठरलेल्या मुदतीत करार मोडता येणार नाही या ओळीवर डोळे मिटून सही करतात. मीही केली होती. स्टेशनरीच्या दुकानासाठी रॅक, काउंटर, लाइट, बोर्ड मिळून दोन-अडीच लाख गाळ्यात घातले. आठव्या महिन्यात मालकांची एका महिन्याची नोटीस आली. करार काढून वाचला, तर लॉक-इन फक्त माझ्यावर होतं. ते कधीही जागा मागू शकत होते. काउंटर कोपऱ्याच्या मापाने बनवलेलं, दुसरीकडे बसलंच नाही. भंगारात गेलं.

तेव्हा लॉक-इन दोघांवर हवं, आणि फर्निचरचा खर्च वसूल होईल इतकं हवं. दरवर्षीची भाडेवाढ, नोटिशीची मुदत, जाताना काय काढून न्यायचं, मालमत्ता कर आणि मेंटेनन्स कुणी भरायचा, हेही याच बैठकीत लिहून टाका. "आपल्यात काय लिहायचंय काका" म्हणू नका. काकांनी जागा विकली तर पुढच्या मालकाला तुमचं तोंडी बोलणं काय माहीत?

5. दुकान सुरू झाल्यावर

भाडेकरूला पावती मिळालीच पाहिजे. भाडं बँकेतून द्या, पण पावतीही घ्या. थकलं तरी मालकाला लगेच दावा लावता येत नाही. लेखी नोटीस देऊन 90 दिवस थांबावं लागतं. भांडण झालं म्हणून पाणी किंवा वीज तोडणं कलम 29 प्रमाणे बेकायदा आहे. छत गळतंय आणि मालक लक्ष देत नाही? 15 दिवसांची नोटीस द्या, दुरुस्ती करून घ्या आणि कायद्याच्या मर्यादेत खर्च भाड्यातून कापा. ही सगळी भाडेकरूची ढाल. लायसन्सवाल्याने यातलं हवं ते करारात लिहून घ्यावं.

उलट बाजूने, परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवला, पक्कं बांधकाम केलं किंवा सबळ कारण नसताना दुकान सहा महिने बंद ठेवलं, तर जागा जाऊ शकते. गुमास्ता (दुकानाची सरकारी नोंद) आणि मराठी पाटी दुकान चालवणाऱ्याच्या गळ्यात.

6. गाळा सोडताना

शेवटच्या दिवशी रिकाम्या गाळ्याचे आणि मीटरच्या आकड्याचे फोटो काढा. जीएसटी आणि गुमास्त्यावरचा पत्ता बदला. चावी हातात देण्याआधी साध्या कागदावर दोघांच्या सह्या घ्या: तारीख, मीटरचा आकडा, डिपॉझिटमधून काय कापलं, बाकी किती आणि कधी मिळणार. चेक मिळाला असेल तर नंबरही त्यातच लिहा.