टाकीत अमोनिया अचानक चढला तर: आधी पीएच, मग पाणी

काल संध्याकाळपर्यंत हुंदडणारे मासे सकाळी पाण्याच्या वरच्या थरात येऊन तोंडाची उघडझाप करतायत, कल्ले लाल झालेत, पर अंगाशी मिटलेत, एखादा तळाशी कलंडलाय. असं दिसलं की घरातला कोणीतरी लगेच बादली घेऊन निम्मं पाणी काढायला लागतो. बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. पण एका परिस्थितीत नेमकं त्यानेच मासे मरतात, म्हणून बादलीला हात लावण्याआधी पाच-दहा मिनिटं मोजमापाला द्या.

खाणं बंद करा आणि हवेचा पंप पूर्ण जोरात सोडा. मासे नुसत्या ऑक्सिजनच्या कमतरतेने वर आले असतील तर अर्ध्या-एक तासात खाली उतरतील. तोवर अमोनिया (माशांच्या मलमूत्रातून आणि कुजणाऱ्या खाण्यातून पाण्यात साठणारं विष) आणि पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी याचं माप) दोन्ही तपासा. फक्त अमोनियाचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो.

कारण असं की पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. मुक्त अमोनिया कल्ले जाळतो, तर अमोनियम हे रूप त्यामानाने निरुपद्रवी. आपल्याकडे मिळणारी साधी टेस्ट किट दोन्हींची बेरीज दाखवते. त्या बेरजेतला किती भाग विषारी, हे पीएच आणि तापमान ठरवतं. पाणी २८ अंशांवर असेल तर पीएच ६ ला जेमतेम ०.०७ टक्के भाग विषारी असतो, ७ ला ०.७ टक्के, ७.५ ला २.२ टक्के, ८ ला ६.५ टक्के आणि ८.५ ला तब्बल १८ टक्के. म्हणजे किटवर १ पीपीएम (लिटरमागे १ मिलिग्रॅम) आला आणि पीएच ७ असेल, तर दिवसभरात शांतपणे सावरता येतं. तोच १ पीपीएम पीएच ८.५ ला आला तर आत्ता, या क्षणी हालचाल हवी. मुक्त अमोनिया ०.०२ पीपीएमच्या खाली ठेवायचा, ०.०५ च्या वर गेला की कल्ल्यांना इजा व्हायला लागते.

तपासताना नळी टाकीच्याच पाण्याने विसळा, थेंबांची बाटली उभी सरळ धरा (तिरकी धरली की थेंब लहान-मोठे पडतात), किटवर लिहिलेली वेळ पूर्ण थांबा आणि रंग ट्यूबलाइटखाली न पाहता खिडकीपाशी पांढऱ्या कागदासमोर पाहा. रंग तक्त्यातल्या शेवटच्या पट्टीइतका गडद आला तर खरा आकडा त्याहून कितीही मोठा असू शकतो. तेव्हा टाकीचं एक भाग पाणी आणि डिस्टिल्ड वॉटरचे तीन भाग मिसळून पुन्हा तपासा आणि आलेल्या आकड्याला चारने गुणा. नळाच्या पाण्याचाही अमोनिया आणि पीएच याच वेळी पाहून ठेवा.

टाकीचा पीएच ७ किंवा जास्त असेल तर

इथे मोठा पाणीबदल हाच उपाय. दोन फूट बाय एक बाय एक फुटाच्या टाकीत कागदावर ५६ लिटर पाणी मावतं, पण तळाची खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्षात ४५ ते ५० लिटरच असतं. त्यातलं निम्मं, म्हणजे २५ लिटरच्या आसपास, सायफनने तळातली घाण ओढत काढा. निम्मं बदललं की अमोनिया निम्मा होतो, शून्य होत नाही: ४ चा २, पुन्हा निम्मं बदललं की १. म्हणून तीन-चार तासांनी तपासून दुसरा बदल करा, लागल्यास दुसऱ्या दिवशी तिसरा.

नवीन पाण्यात बादलीतच अँटी-क्लोरीन टाका, मात्रा बाटलीवर असेल ती. नळाचं पाणी थेट टाकीत सोडणार असाल तर मात्रा पूर्ण टाकीच्या हिशेबाने घ्या. २४ तास हवा सोडून ठेवलेल्या पाण्यातला क्लोरीन उडतो, पण आणीबाणीत तेवढा वेळ नसतो. नव्या-जुन्या पाण्याच्या तापमानात दोन अंशांपेक्षा जास्त फरक नको. थंडीच्या दिवसांत गच्चीवरच्या टाकीतून येणारं नळाचं सकाळचं पाणी गार असतं, त्यात थोडं कोमट मिसळा. साधं अँटी-क्लोरीन, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, अमोनियाला काही करत नाही. 'अमोनिया बांधतो' असं लिहिलेल्या औषधांनी फार तर थोडा वेळ मिळतो, पाणी बदलणं टळत नाही.

पीएच ६ च्या आसपास असेल तर सावकाश

वर म्हटलेली परिस्थिती ती हीच. महिनोन्‌महिने फक्त उडालेल्या पाण्याची भर घातलेल्या जुन्या टाकीत ही हमखास दिसते. फिल्टरमधले जिवाणू अमोनिया पचवताना पाण्याचा क्षार (पीएच खाली पडू न देणारा कार्बोनेटचा साठा) खर्च करतात. क्षार संपला की पीएच कोसळतो, ६ च्या खाली गेला की जिवाणूंचं काम जवळपास थांबतं आणि अमोनिया साठत जातो. मासे मात्र जिवंत राहतात, कारण तो जवळजवळ सगळा अमोनियम असतो. अशा टाकीत ४ पीपीएम असेल तर विषारी भाग ०.००३ सुद्धा नाही. आता निम्मं पाणी काढून बोअरचं जड पाणी ओतलं आणि पीएच ७.५ वर गेला, तर एकूण अमोनिया २ वर उतरतो, पण विषारी भाग ०.०४ च्या पुढे जातो, सुमारे पंधरा पट. 'पाणी बदललं आणि तासाभरात मासे गेले' या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं.

इथे एका वेळी फक्त १० टक्के पाणी, दिवसातून दोन-तीनदा, आणि दर वेळी आधी पीएच मोजायचा. पीएच ७ च्या आत असेतो अमोनिया शक्य तितका खाली आणा. घरच्या आरओचं पाणी इथे कामाला येतं. त्यात क्षार अगदी कमी असतो, त्यामुळे ते पीएच फारसा वर ढकलत नाही. मात्र काही मशिनमध्ये खनिजं मिसळणारी कार्ट्रिज किंवा टीडीएस कंट्रोलर असतो, तेव्हा आधी त्याचाही पीएच पाहा. आणि नुसतं आरओ न घालता नळाच्या पाण्यात निम्मं-निम्मं मिसळा, नाहीतर माशांना दुसराच धक्का बसतो. खाण्याचा सोडा क्षार वाढवतो हे खरं (५० लिटरला ६ ग्रॅमने सुमारे ४ अंश केएच, म्हणजे क्षार मोजायचं एकक), पण अमोनिया ०.५ च्या खाली येईपर्यंत त्याला हात लावू नका.

कुरिअरने आलेल्या माशांच्या पिशवीतही हेच घडतं. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो आणि पीएच चढतो. म्हणून पिशवी उघडून तास-तासभर ठेवू नये आणि तिच्यातलं पाणी टाकीत ओतू नये.

आला कुठून?

पाणी बदलत राहून कारण तसंच राहिलं तर उद्या आकडा पुन्हा तिथेच. आधी मासे मोजा. फिल्टरच्या मागे, लाकडाखाली, झाडांच्या बुडाशी मेलेला मासा किंवा मोठी गोगलगाय अडकली असेल तर तेवढ्यानेच छोटी टाकी बिघडते. मग खाणं: ४० टक्के प्रथिनांच्या १ ग्रॅम खाण्यातून सुमारे ३५ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन सुटतो, ५० लिटर पाण्यात तो ०.७ पीपीएम होतो. गणपतीला गावी जाताना शेजाऱ्यांकडे अख्खा डबा देऊन जातो आणि शेजारी मायेने मूठभर टाकतात. त्यापेक्षा रोजच्या पुड्या बांधून द्या. तीन-चार दिवसच जाणार असाल तर मोठ्या, धडधाकट माशांना उपाशी राहू द्या, काही होत नाही.

तिसरं कारण फिल्टर. स्पंज नळाखाली चोळून धुतला असेल तर क्लोरीनने जिवाणू मेले. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळायचा, एवढंच. वीज चार-सहा तास गेली असेल तर बंद डब्याच्या फिल्टरमध्ये ऑक्सिजन संपून पाणी कुजतं, आणि वीज आली की ते सगळं टाकीत येतं. असा फिल्टर सुरू करण्याआधी डबा उघडा, आतलं पाणी मोरीत ओता, स्पंज टाकीच्या पाण्यात खळबळून मगच लावा. अँटिबायोटिक औषधं टाकीत टाकली असतील तर त्यांनीही फिल्टर बसतो.

जिवाणू परत आणायला सर्वांत भरवशाची गोष्ट म्हणजे दुसऱ्या निरोगी, जुन्या टाकीतला वापरता स्पंज. तो ओलाच आणा आणि तासाभरात लावा. झिओलाइट हे खनिज गोड्या पाण्यात अमोनिया शोषतं, जाळीच्या पिशवीत भरून पाण्याच्या वाटेवर ठेवा. मात्र झिओलाइट असताना टाकीत मीठ घालू नका. खारट पाण्यात ते शोषलेला अमोनिया परत सोडतं.

दोन-तीन दिवस खाणं पूर्ण बंद, पिल्लं असतील तर अगदी चिमूटभर. रोज तपासा. अमोनिया उतरायला लागला की नायट्राइट (जिवाणू अमोनियापासून बनवतात तो पुढचा विषारी पदार्थ) चढतं, तेव्हा किटमधली तीही बाटली काढा. नायट्राइट दिसलं तर झिओलाइट काढून टाका आणि लिटरला १ ग्रॅम साधं खडे मीठ बादलीत विरघळवून हळूहळू घाला. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. कोरीडोरास (तळाशी राहणारे छोटे कॅटफिश) आणि नाजूक झाडं असतील तर मीठ निम्म्यावर ठेवा आणि पाणीबदल वाढवा. दोन्ही आकडे सलग सात दिवस शून्य आले की खाणं पूर्वीच्या निम्म्याने सुरू करा, आणि नवा मासा महिनाभर आणू नका.